‘पाणीच बदलायचं तर फिल्टर कशाला विकला?’ या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार सर,

तुमचा एक स्टारचा रिव्ह्यू वाचला. तक्रार थोडक्यात अशी: आमच्याकडून तीन फुटी टाकी आणि फिल्टर नेला, आठवड्यातून दोनदा अर्धं पाणी बदलता, तरी नायट्रेट 80 च्या (लिटरला 80 मिलिग्रॅमच्या) खाली उतरत नाही. दोन नवे गोल्डफिश सोडले ते मेले, जुने मात्र ठणठणीत. ऑनलाइन मिळतं तसलं नायट्रेट रिमूव्हर आमच्याकडे मागितलं, आम्ही दिलं नाही. आणि शेवटी, ‘पाणीच बदलायचं तर फिल्टर कशाला विकला?’

हा प्रश्न काउंटरवर बरेच जण विचारतात, म्हणून इथंच सगळ्यांना दिसेल असं उत्तर देतो.

फिल्टर नायट्रेट काढत नाही, सर. तो नायट्रेट तयार करतो, आणि त्याचं कामच ते आहे. माशांची घाण आणि उरलेलं खाद्य यातून अमोनिया सुटतो, तो माशांना विष. स्पंजमध्ये वाढलेले बॅक्टेरिया त्याचं आधी नायट्राइट करतात, तेही विषच, आणि मग नायट्रेट करतात. नायट्रेट त्या मानानं पुष्कळ सौम्य असतं. तुमचे जुने मासे 80 मध्ये फिरताहेत ते फिल्टर चालू आहे म्हणूनच. अमोनिया तेवढा असता तर एक मासा राहिला नसता. नायट्रेट बाहेर काढायला मात्र पाणी बदलणं किंवा झाडं, हेच रोजचे मार्ग.

आता तुम्ही म्हणाल, बदलतोय की पाणी. होय, बदलताय. खरं कुठलं पाणी घालताय? तुमचा फोन आला तेव्हा मी पहिल्यांदा हेच विचारलं होतं. तुम्ही म्हणालात, मळ्यातल्या बोअरचं, लॅबमध्ये पास झालेलं, घरात सगळे तेच पितात. त्या पाण्याची एकदा नायट्रेट टेस्ट करा, असं मी सांगितलं होतं. रिव्ह्यूत ते आलेलं नाही.

पिण्याच्या पाण्यासाठी आपल्याकडची मर्यादा लिटरला 45 मिलिग्रॅम नायट्रेट अशी आहे. म्हणजे 40 असलेलं पाणी लॅबमध्ये बिनधास्त पास होतं. माणसाला चालतं, पण टाकीचा हिशोब तिथंच बिघडतो. चिकोडी-निपाणीच्या पट्ट्यात बोअरच्या चहूबाजूंनी ऊस, आणि उसाला युरिया. फिल्टरमध्ये जे काम चालतं तेच जमिनीत चालतं. युरियाचं शेवटी नायट्रेट होतं, ते मातीला धरून राहत नाही, पाटाच्या आणि पावसाच्या पाण्याबरोबर खाली झिरपतं. जवळ गोठा किंवा शौचालयाचा खड्डा असेल तर त्याचीही भर.

धरून चाला की तुमच्या बोअरला 40 आहे. टाकीत 80 असताना अर्धं पाणी बदललं की 60 होतं, 40 नाही. पुढच्या बदलापर्यंत टाकीत आणखी 20 तयार झालं की परत 80. असं वर्षभर केलंत तरी काटा 80 वरच. ही 20 ची भर कुठून येते तेही सांगतो. गोल्डफिशच्या खाद्यात साधारण 40 टक्के प्रोटीन धरलं, तर एक ग्रॅम खाद्यामागं 100 लिटरच्या टाकीत जास्तीत जास्त 3 पर्यंत नायट्रेट वाढू शकतं. तुमची टाकी साधारण तेवढीच आहे. दिवसातून तीन वेळा चिमूट सोडायची म्हटलं की दोन ग्रॅम कधी गेले कळत नाही. घरात लहान मुलं असली की चिमटीची मूठ होते, हे तुम्हाला मी सांगायला नको. एकच वेळ द्या, दोन मिनिटांत संपेल एवढंच, आणि आठवड्यातून एक दिवस काहीच नको. गोल्डफिश उपाशी मरत नाही.

नव्या माशांचं म्हणाल तर आमच्या टाक्यांना बेळगावच्या नळाचं पाणी आहे, राकसकोप-हिडकल धरणांचं. जुने मासे हळूहळू 80 ला सरावले, नव्यांना तो धक्का एका क्षणात बसला. पिशवी पाण्यावर तरंगत ठेवली की तापमान जुळतं, पाणी जुळत नाही. पिशवीतले मासे बादलीत सोडून टाकीतलं पाणी बारीक नळीनं थेंब थेंब तासभर सोडावं लागतं. आणि 80 च्या टाकीत तर मी नवा मासा सोडूच नका म्हणेन.

आता रिमूव्हर. विकलं असतं तर मला पैसेच मिळाले असते. त्यातल्या काही बाटल्यांत बॅक्टेरियाला खायला साखरेसारखं काहीतरी असतं. डोस जरा चुकला की पाणी दुधासारखं पांढरं होतं, ऑक्सिजन उतरतो आणि मासे वर येऊन तोंडं मारायला लागतात. रेझिनच्या, म्हणजे पाण्यातले क्षार धरून ठेवणाऱ्या बारीक दाण्यांच्या पिशव्या काम करतात, पण साधं रेझिन नायट्रेटच्या आधी सल्फेट हा दुसरा क्षार धरतं. बोअरच्या पाण्यात सल्फेट जास्त असलं की पिशवी बघता बघता भरते आणि परत परत मिठाच्या पाण्यात धुवावी लागते. फिल्टरमध्ये घालायचा कार्बन (कोळसा) आणि झिओलाइटचे खडे नायट्रेटला हात लावत नाहीत, कोणी त्यासाठी विकत असेल तर घेऊ नका. ‘बॅक्टेरियाची बाटली’ तर फिल्टरचंच काम करते, म्हणजे नायट्रेट वाढवते.

तुमच्या जागी मी असतो तर घरच्या आरओचं पाणी निम्मं आणि बोअरचं निम्मं असं बादलीत मिसळून टाकीत घातलं असतं. बोअरचे 40 तिथंच वीसच्या आसपास येतात. नुसतं आरओ नको, त्यात क्षार नसतात आणि गोल्डफिशला थोडं जड पाणीच मानवतं. आरओच्या दुसऱ्या नळीतून जे वाया जातं त्यात नायट्रेट उलट दाट झालेलं असतं, ते झाडांना घाला. पावसाळ्यात तर फुकटचं काम आहे, आपल्याकडे पावसाला काय तोटा! पहिल्या दोन-चार सरींनी स्लॅब धुऊन जाऊ दे, मग पिंप लावा आणि तेही बोअरमध्ये मिसळूनच वापरा.

मनी प्लांटच्या दोन-तीन फांद्या मुळं पाण्यात, पानं बाहेर अशा लावा. पाण्यातली मऊ झाडं गोल्डफिश कुरतडून टाकतात, मनी प्लांटची मुळं वरच्या फिल्टरच्या डब्यात ठेवली की त्यांच्या तोंडाला लागत नाहीत. फिल्टरचा स्पंज टाकीतून काढलेल्या पाण्यात पिळा. त्यातून निघणारा काळा गाळ म्हणजे अजून व्हायचं असलेलं नायट्रेटच.

आणि टेस्ट नीट करा. किटच्या दुसऱ्या बाटलीत तळाला पावडर बसते, ती अर्धा मिनिट जोरात हलवली नाही तर आकडा खोटा कमी येतो. 40 आणि 80 चा लाल रंग ट्यूबलाइटखाली सारखाच दिसतो, म्हणून एक भाग टाकीचं पाणी, तीन भाग आरओ घ्या आणि येईल त्याला चारनं गुणा.

एक वेगळंच: घरात तान्हं बाळ असेल आणि बोअर 45 च्या वर निघाली, तर ते पाणी बाळाला देऊ नका. उकळून नायट्रेट जात नाही, पाणी आटतं तसं ते वाढतंच.

बोअरचं पाणी दुकानात घेऊन या, तुमच्यासमोर टेस्ट करतो, पैसे नाहीत. आकडा 10 च्या आत निघाला तर मी स्वतः घरी येऊन टाकी बघतो, त्याचेही पैसे नाहीत. बाटली आधी त्याच पाण्यानं दोनदा विसळा, काठोकाठ भरा आणि त्याच दिवशी आणा. सोमवारी दुकान बंद असतं.