राणीला हारांनी मारले नाही

भडक, दिखाऊ आणि हलक्या प्रतीच्या साजशृंगारासाठी इंग्रजीत ‘टॉड्री’ हा शब्द आहे. त्याची जन्मकथा सांगणारा एक संदेश सध्या फिरतो आहे. ऑड्री नावाच्या सातव्या शतकातील इंग्लंडमधल्या राणीला हारांचा सोस होता, त्यामुळे गळ्याला गाठ येऊन ती मेली आणि तिच्या उथळपणामुळे तिचे नावच हिणवण्याचा शब्द झाले, तेव्हा मुलींनी बोध घ्यावा, असे त्यात म्हटले आहे. तो माझ्या भाचीला कोणीतरी मुद्दाम पाठवला आणि दागिन्यांमुळे खरेच गाठ येते का, असे तिने मला विचारले. मग गप्प बसणे शक्य नव्हते.

शब्द तिच्या नावावरून आला, एवढे मान्य करावे लागते. एथेलथ्रिथ या मूळ नावाचे ‘ऑड्री’ झाले आणि पुढे ती संत मानली गेल्यावर ‘सेंट ऑड्री’ म्हणताना ‘सेंट’मधला ‘ट’ पुढच्या नावाला चिकटला. लंडनमधील टूली स्ट्रीट हे नाव सेंट ओलाव्हवरून असेच घडले.

गाठीची गोष्ट मात्र संतापजनक आहे. तिचा आधार म्हणजे बीड या मठवासी इतिहासकाराने 731च्या सुमारास पूर्ण केलेला इंग्लंडच्या धर्मसंस्थेचा इतिहास. तो मुळातून वाचला, तर ही राणी राजवैभव सोडून संन्यासिनी झालेली, 673मध्ये इंग्लंडमधील ईली या गावी मठ स्थापणारी आणि अंगावर केवळ लोकरीचे कपडे घालणारी स्त्री असल्याचे दिसते. 679मध्ये जबड्याखाली गाठ आल्यावर, तरुणपणी अनावश्यक हार घातल्याचे हे प्रायश्चित्त आहे, असे ती स्वतः म्हणाली. हे एका विरक्त स्त्रीचे स्वतःविषयीचे उद्गार आहेत. रोगाचे निदान नव्हे. किनेफ्रिथ या वैद्याने ती गाठ फोडली, दोन दिवस तिला आराम वाटला आणि तिसऱ्या दिवशी ती गेली. आपण ज्या साथीत मरणार ती साथ तिने आधीच सांगितली होती, असे काही लोक म्हणत, हेही बीडच नोंदवतो. म्हणजे त्याच ग्रंथात साथीच्या रोगाचा उल्लेख असताना तो गाळायचा, हार तेवढा उचलायचा आणि तेराशे वर्षांनंतर त्याने कोवळ्या मुलींना घाबरवायचे! असल्या भीतीमुळे खरी गाठ आलेली मुलगी डॉक्टरांकडे जाण्याऐवजी स्वतःलाच दोष देत बसेल, याचा विचार हा संदेश पुढे पाठवणाऱ्यांनी केलेला नाही.

तिच्या उथळपणामुळे शब्दाला वाईट अर्थ आला, हेही खोटे आहे. ईलीला तिच्या नावाने भरणाऱ्या जत्रेत गळ्यात बांधायच्या रेशमी फिती विकल्या जात आणि त्यांना आरंभी मानच होता. शेक्सपिअरच्या ‘द विंटर्स टेल’ या नाटकात मोप्सा आपल्या प्रियकराकडे अशीच फीत हौसेने मागते. पुढे त्या नावाखाली स्वस्त, भडक माल खपू लागला आणि सतराव्या शतकात, म्हणजे राणी जाऊन सुमारे हजार वर्षे उलटल्यावर, शब्दाला हीन अर्थ चिकटला.