दहा धोके, पाच जातींचे

चाकणच्या एका कामाच्या टेंडरात एक ओळ होती: साइटवर नेबॉशची सेफ्टीची परीक्षा पास झालेला निदान एक माणूस हवा. शेठनी मीटिंगमध्ये ती मोठ्याने वाचली, चष्मा कपाळावर सरकवला आणि सगळ्यांवरून नजर फिरवत माझ्यावर येऊन थांबले. बाकीचे तिघे नजर चुकवण्यात माझ्यापेक्षा सीनियर आहेत.

मी डिप्लोमा सिव्हिल. २२ वर्षं स्लॅब टाकतोय. शेवटचा पेपर दिला त्यानंतर माझं लग्न झालं, मुलगा झाला आणि आता त्याचीच दहावी आली होती. एका घरात दोन परीक्षार्थी आणि टेबल एक. टेबल अर्थातच त्याला. माझा अभ्यास ओट्यावर, कुकरच्या शेजारी.

नेबॉश हे इंग्लंडमधलं परीक्षा मंडळ, १९७९ पासूनचं. आपल्या कायद्याला लागणारा सेफ्टी ऑफिसर वेगळा. १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्याखालचे नियम तेव्हा ५०० किंवा जास्त कामगार असले की तो मागत, आणि त्यासाठी वर्षाचा सरकारमान्य डिप्लोमा असतो. माझं प्रकरण निव्वळ क्लाएंटला कागद दाखवण्यापुरतं. हे सगळं मी मुकादमांना समजावून सांगितलं. सगळी साइट त्यांना मामा म्हणते. मामांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "रिबॉकचे बूट सगळ्यांना मिळणार का फक्त तुम्हाला?"

क्लास शनिवार-रविवारी, एका दुकानाच्या वरच्या मजल्यावर. आम्ही चौदा जण. वर्गाच्या मागच्या इमर्जन्सी दरवाजाला पाण्याचे जार टेकवून ठेवलेले. पहिल्या दिवशी कुणाला त्याचं काही वाटलं नाही. तिसऱ्या रविवारी सर फळ्यावर लिहीत होते आणि आम्ही चौदाच्या चौदा जण माना वळवून त्या जारांकडे बघत होतो. तेव्हा कळलं की रोग लागला.

हा रोग घरी गेल्यावर वाढतो. सरांनी पहिल्याच दिवशी हॅझर्ड आणि रिस्क यांतला फरक शिकवला होता. मराठीत आपण दोन्हीला धोकाच म्हणतो आणि आयुष्य काढतो. ज्यानं इजा होऊ शकते ते हॅझर्ड. ती इजा होण्याची शक्यता किती आणि झाली तर केवढी, ती रिस्क. बायको स्टुलावर चढून माळ्यावरचा चकलीचा सोऱ्या काढत होती. मी खालून म्हणालो, "अगं, स्टूल हे हॅझर्ड आहे, आणि तू त्याच्यावर उभी राहिलीस की..."

"की काय?"

मी वाक्य पुरं केलं नाही. रिस्क असेसमेंट मला तिथवर जमायला लागलं होतं.

पण गप्प बसेल तो अभ्यास कसला! धोका काबूत आणायची एक उतरंड असते. आधी तो मुळातूनच काढून टाका, नाही जमलं तर बदली काहीतरी वापरा, मग कठडे-जाळ्या, मग नियम आणि पाट्या, आणि सगळ्यात शेवटी हेल्मेट-बूट. हे वाचून मी ओट्यापाशी थिजलोच. २२ वर्षं आमच्या साइटवर सेफ्टी म्हणजे हेल्मेट, आणि पुस्तकात हेल्मेट सगळ्यात खालच्या पायरीवर! बायकोला मी उतरंड समजावली: सोऱ्या माळ्यावर ठेवायचाच नाही, म्हणजे प्रश्नच मिटला. ती म्हणाली, "पहिल्या पायरीनं जायचं तर दिवाळीच काढून टाकावी लागेल. आणि अहो, गॅसजवळ कागद घेऊन कोण बसलंय?"

परीक्षा ओपन बुक होती. घरी बसायचं, पुस्तक उघडं ठेवायचं, २४ तासांत उत्तरं पाठवायची, पास व्हायला ४५ मार्क. शेठना सांगितलं तर ते म्हणाले, "ही काय परीक्षा आहे?" मलाही तसंच वाटलं होतं. एका कंपनीची गोष्ट दिलेली असते, तिच्यात अपघात होतो, आणि त्यावर प्रश्न. मी ती गोष्ट एकदा वाचली आणि रात्री दोनपर्यंत पुस्तकातलं सगळं ज्ञान सुवाच्य टाइप केलं. निकाल आला: रेफर. ही मंडळी नापास म्हणत नाहीत, रेफर म्हणतात. ऐकायला असं वाटतं की आपल्याला कुण्या मोठ्या डॉक्टरकडे पाठवलंय. सरांनी माझी उत्तरं वाचली आणि म्हणाले, "पुस्तकात काय आहे ते त्यांना माहीत आहे हो, पुस्तक त्यांच्याच अभ्यासक्रमाचं आहे. गोष्टीतला तो फोर्कलिफ्टवाला का घाई करत होता, ते कुठे लिहिलंय तुम्ही?"

मुलगा दहावी पास झाला. मी रेफर. पेढे वाटताना शेजारच्या काकूंनी "आणि तुमचं?" असं विचारलं, तेव्हा बायको म्हणाली, "त्यांचं ओपन बुक आहे, जरा अवघड असतं."

दुसऱ्या वेळी मी फोर्कलिफ्टवाल्याच्याच बाजूनं विचार केला. त्याला टार्गेट कुणी दिलं, सुपरवायझर कुठे होता, तक्रार केली तर ऐकतं कोण. लिहिता लिहिता घाम फुटला, कारण तो सुपरवायझर हुबेहूब माझ्यासारखा वागत होता. मग व्हिडिओवर मुलाखत, उत्तरं मीच लिहिली आहेत ना हे बघायला. तीही ओट्यापाशीच. नेमकी कुकरची शिट्टी झाली. समोरचे गृहस्थ दचकले आणि मी सवयीनं म्हणालो, "सेफ्टी व्हॉल्व्ह आहे." पास झालो ते त्यामुळेच असा बायकोचा दावा आहे.

राहिलं प्रॅक्टिकल. स्वतःच्या कामाच्या जागी फिरून दहा धोके शोधायचे, निदान पाच जातींचे. मला हसूच आलं. आमच्या साइटवर गेटपासून चहाच्या टपरीपर्यंत दहा सापडतात, अडचण फक्त जातींची. उंचीवरून पडणं, वायरी, ब्रेकरचा आवाज, काँक्रीटच्या ट्रान्झिट मिक्सर गाडीची रिव्हर्स हे पटापट झालं. रसायनात काय घ्यावं? पुस्तकात ओलं सिमेंट होतं: कातडी भाजते, त्यातल्या क्रोमियममुळे त्वचेचा रोग होतो. मी मामांना म्हटलं, "जरा हात बघू."

त्यांनी हात पुढे केले. बोटांच्या पेरांवर चिरा, दोन बोटांना इलेक्ट्रिशियनची काळी टेप गुंडाळलेली. तेव्हा ट्यूब पेटली की गेटवरचं हजेरीचं मशीन रोज सकाळी मामांचा अंगठा का घेत नाही. सहा महिने मी त्यांची हजेरी रजिस्टरात मांडत होतो आणि मशीनवाल्याला शिव्या घालत होतो.

"हे पण धोक्यात धरतात?" मामांनी विचारलं.

"धरतात."

"मग लिवा की. तीस वर्षांचं आहे."

नऊ झाले. दहाव्यासाठी मी ऑफिसच्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर परांचीचा फोटो घेत होतो. फ्रेममध्ये परांची पूर्ण बसेना, म्हणून मागे सरकलो. अजून थोडा मागे. एवढ्यात मागून कुणीतरी जाकिटाच्या चमकत्या पट्टीला धरून असा हिसका दिला की मोबाइल हातातून उडाला. मामा. माझ्या टाचेशी डक्टच्या उघड्या भोकावर टाकलेला प्लायचा तुकडा होता, एक कोपरा उचललेला. झाकण टाका असं सकाळी मीच सांगितलं होतं. खिळे मारा असं सांगितलं नव्हतं.

"साहेब," मामा धाप टाकत म्हणाले, "ह्यो कितवा?"

सर्टिफिकेट आलं. शेठनी त्याची झेरॉक्स क्लाएंटला दिली. मूळ प्रत फ्रेम करून घरी आणली आणि ती तीन महिने फ्रीजच्या मागे उभी राहिली. कारण खिळा मारायचा तर स्टुलावर चढायला हवं, आणि बायको म्हणते उंचीवरच्या कामाला परमिट लागतं, ते कोण सही करणार? परमिटवर सही करणारा आणि चढणारा एकच चालत नाही, हे मीच तिला शिकवलं होतं.

गेल्या रविवारी मामा मुलीच्या लग्नाची पत्रिका द्यायला आले. फ्रेम बघितली, हातोडा मागितला आणि मी काही बोलायच्या आत अनवाणीच स्टुलावर चढले. खिळा दातात धरलेला. स्टुलाचा एक पाय अर्धा इंच आखूड.

उतरंड, परमिट, सगळं माझ्या ओठांवर आलं. मी खाली बसलो आणि स्टूल दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवलं.

"डावीकडे," बायको स्वयंपाकघरातून म्हणाली. "जरा अजून डावीकडे."