क्रॉल बजेटच्या नावाने फिरणारा तो संदेश

मराठी साइट चालवणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप गटांत एक संदेश पुन्हापुन्हा फिरतो. सारांश असा: ‘गूगल मराठी साइटना क्रॉल बजेट (त्याचा बॉट, म्हणजे पानं वाचत फिरणारा प्रोग्राम, साइटची किती पानं वाचेल ती मर्यादा) कमी देतं, म्हणून आपले लेख शोधात येत नाहीत. उपाय सोपे आहेत. साइटमॅपमध्ये (गूगलला दिलेल्या पानांच्या यादीत) रोज सगळ्या पानांना आजची तारीख द्या. नको ती पानं रोबॉट्स फाइलमध्ये (बॉटने कुठे जायचं नाही हे सांगणाऱ्या फाइलमध्ये) नोइंडेक्स (‘शोधात दाखवू नका’) करा. काढलेली पानं मुख्यपृष्ठावर रिडायरेक्ट करा (वळवा).’ साइट सांभाळणं हेच माझं काम आहे आणि हे उपाय करून लोकांनी चांगल्या चालत्या साइट बिघडवलेल्या मी पाहिल्या आहेत. म्हणून एकेक दावा घेतो.

आधी बजेट. गूगलबॉट किती पानं नेणार हे दोन गोष्टींवर ठरतं, असं गूगलनेच लिहून ठेवलं आहे: तुमचा सर्व्हर किती भार सोसतो आणि त्या पानांना मागणी किती. भाषेचा त्यात उल्लेख नाही. बजेटची काळजी कोणी करावी हेही तिथेच दिलं आहे: साधारण आठवड्याला बदलणारी दहा लाखांहून जास्त पानं, किंवा रोज बदलणारी १०,००० पानं ज्यांच्याकडे आहेत त्यांनी. आपल्याकडे तीनशे लेख असतात. मग बॉट अडतो कुठे? आपणच तयार केलेल्या पत्त्यांच्या (यूआरएलच्या) जंगलात.

साड्यांचं एक दुकान घ्या. साड्या ४००. बाजूच्या फिल्टरमध्ये ८ रंग, ६ पोत, ५ किंमतगट आणि क्रम लावण्याचे ४ प्रकार. प्रत्येकातून एक निवडा किंवा काहीच निवडू नका, तरी ९ × ७ × ६ × ५ म्हणजे १,८९० यादीपानं होतात. चारही फिल्टर लावलेली पानं त्यातली ९६०. आता आधी रंग की आधी पोत, यानुसार पत्त्यातला क्रम बदलत असेल तर या ९६० पानांचेच २३,०४० पत्ते होतात. माल तोच, ४०० साड्या. बॉटला हे आधी कळायला मार्ग नाही. तो पत्ता उघडतो, तेच पान पाहतो, पुढच्या पत्त्यावर जातो. ‘कार्टमध्ये टाका’ची लिंक आणि पुढच्या महिन्याकडे अखंड नेणारं कॅलेंडर यांचीही हीच गत.

मराठीची म्हणून एक अडचण मात्र खरी आहे, आणि तिच्याबद्दल तो संदेश अवाक्षर काढत नाही. ‘शेतकऱ्यांसाठी’ हा शब्द घ्या. त्यातला अर्धा र एका कीबोर्डवर ऱ हे स्वतंत्र अक्षर आणि हलन्त असा उमटतो, तर दुसऱ्यावर साधा र, हलन्त आणि न दिसणारा जोडक असा. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, संगणकाला मात्र ते दोन वेगळे शब्द आहेत. एका वार्ताहराने लेखाला एका रूपातला टॅग (विषयाचं लेबल) लावला, दुसऱ्याने दुसऱ्या रूपातला, की दोन टॅगपानं (त्या टॅगच्या लेखांच्या याद्या) तयार झाली आणि लेख दोन्हीकडे विखुरले. जुन्या बातमीसाइटवर अशी जुळी पानं डझनांनी सापडतात. टॅग जतन होतानाच एकच रूप पक्कं करणं आणि जुनं जुळं पान नव्यावर वळवणं, एवढाच यावर इलाज.

साइटमॅपमधल्या तारखेचं म्हणाल तर प्रायॉरिटी (पानाचं महत्त्व) आणि बदलाची वारंवारता हे दोन रकाने गूगल वाचतच नाही. लास्टमॉड (पान शेवटचं बदलल्याची तारीख) वाचतं, पण ती तारीख सातत्याने खरी निघत असेल तरच. रोज खोटी तारीख टाकणारा आपल्या हाताने ती एकमेव उपयोगी खूण निकामी करतो.

नोइंडेक्सचा सल्ला तर शिळा आहे. रोबॉट्स फाइलमधलं नोइंडेक्स १ सप्टेंबर २०१९ पासून गूगल मानत नाही. याहून घातक प्रकार म्हणजे पानावर नोइंडेक्स लिहायचं आणि तेच पान रोबॉट्स फाइलमध्ये डिसअलाऊ (बॉटला प्रवेशबंदी) करायचं. बॉटला आतच येऊ दिलं नाही तर आतली सूचना तो वाचणार कशी? फिल्टरचे पत्ते क्रॉल होऊ द्यायचे नसतील तर डिसअलाऊ करा. पान शोधातून काढायचं असेल तर दार उघडं ठेवा आणि नोइंडेक्स पानावर लिहा.

काढलेलं पान मुख्यपृष्ठावर वळवलं, तर गूगल त्याला सॉफ्ट ४०४ (वरवर चालू, पण खरं तर नसलेलं पान) समजतं आणि पुन्हापुन्हा येऊन पाहत राहतं. त्या मजकुराला खरोखर पर्यायी पान असेल तर तिकडे वळवा, नाहीतर सरळ ४०४ (पान सापडत नाही) किंवा ४१० (पान कायमचं काढलं) हे उत्तर द्या. ४०४ मिळणं हा अपमान नाही. या पत्त्यावर आता कोणी राहत नाही, हे त्यातून बॉटला स्पष्ट कळतं.

लेख शोधात येत नाहीत ही तक्रार मात्र खोटी नाही. तिचं कारण सर्च कन्सोलमध्ये (साइटमालकांसाठीच्या गूगलच्या साधनात) पाहा. ‘सापडलं, पण अजून अनुक्रमित (शोधाच्या यादीत घेतलेलं) नाही’ असं दिसलं तर बॉट अजून पानापर्यंत पोचलेला नाही, तिथे वरची सगळी चर्चा लागू होते. ‘क्रॉल केलं, पण अनुक्रमित नाही’ असं दिसलं तर बॉट येऊन, वाचून गेला आहे. मग बजेटचा प्रश्नच उरत नाही, पानात काय लिहिलंय ते बघायचं. आणि होस्टिंगवाल्याकडून एका दिवसाचा सर्व्हर लॉग (कोण कधी कोणत्या पत्त्यावर आलं याची नोंद) मागून घ्या. गूगलबॉटचं नाव कोणीही लावू शकतो, म्हणून आयपी पत्त्याची उलट डीएनएस तपासणी (तो आकडा खरंच गूगलच्या नावावर आहे का ते पाहणं) करा, आणि मग मोजा: प्रश्नचिन्ह असलेल्या (बहुधा फिल्टरच्या) पत्त्यांवर किती फेऱ्या गेल्या आणि लेखांवर किती.