मंडीत सहा रुपये, दारात तीस

देपालपूरजवळ माझ्या मेव्हण्यांची शेती आहे आणि त्यांचा कांदा इंदूरच्या चोइथराम मंडीत येतो. लिलावात त्यांना किलोला सहा रुपये मिळाले त्याच संध्याकाळी सुदामानगरात माझ्या दारातल्या ठेल्यावर तसलाच कांदा तीस रुपयांना होता. मधल्या दीड-दोन कोसांत त्याला कोणते सोने चिकटले, हे कोणी मला समजावून सांगेल काय? ठेलेवाल्यावर माझा राग नाही, कारण सडका माल आणि दिवसभराचे ऊन त्याच्याच माथी असते. संताप आहे तो मधल्या कारभाराचा. मेव्हण्यांची पावती मी स्वतः वाचली: हमाली, तोलाई, गाडीभाडे, आणि शिवाय "माल ओला आहे" म्हणून परस्पर कापलेले वजन! एका ढिगाचा निकाल लागायला मिनिटही लागत नाही, आणि चार महिने राबलेल्या माणसाला "नको, परत नेतो" म्हणण्याची सोय नसते, कारण परतीचे भाडेही त्याच्याच खिशातून जायचे असते.

लसणाची तऱ्हा आणखी अजब. तो भाजी की मसाला, यावर वर्षानुवर्षे कोर्टकचेऱ्या चालल्या आणि अखेर 2024 मध्ये उच्च न्यायालयाच्या इंदूर खंडपीठाने त्याला भाजी ठरवून भाजीच्या आणि मसाल्याच्या अशा दोन्ही बाजारांत विकण्याची मुभा दिली. वाद वरकरणी वर्गवारीचा असला, तरी विक्री आडत्यामार्फत व्हायची की त्याच्याविना, ही खरी मेख होती. त्याच वर्षी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला 4892 रुपये जाहीर झालेला असताना माळव्यातल्या मंड्यांत शेतकरी त्याहून कमी दराने माल विकत होते. मग त्या जाहीर आकड्याची पूजा करायची काय?

आणि आम्ही शहरवाले? नर्मदेचे पाणी पार खरगोन जिल्ह्यातल्या जलूदहून उपसून आणतो, भाजी-दूध आसपासच्या खेड्यांतून घेतो, पोह्यांवर कांदा जरा कमी पडला की दुकानदाराशी हुज्जत घालतो, आणि वर "शेतकऱ्यांची मजा आहे, त्यांना इन्कम टॅक्स नाही" असे सोसायटीच्या बाकावर बसून ऐकवतो. परवा असेच ऐकवणाऱ्या एका गृहस्थांपुढे मी ती पावती धरली, तर त्यांनी ती चष्मा न लावताच परत केली आणि विचारले, "मग तुमच्या मेव्हण्यांकडून आम्हाला सहाच्या भावाने एक कट्टा मिळेल का हो?"