‘स्मार्ट मीटर म्हणजे दुप्पट बिल’ : ग्रुपवर फिरणाऱ्या मेसेजला उत्तर

आमच्या वैजापूर भागातल्या ग्रुपांवर महिनाभर एक मेसेज फिरतोय. म्हणणं थोडक्यात असं : स्मार्ट मीटर (रीडिंग मोबाइलच्या रेंजवरून आपोआप पाठवणारं विजेचं मीटर) पळतं, बिल दुप्पट येतं, मोबाइलची रेंज गेली की लाइट जाते, सौर वीज रात्री कामाची नाही, आणि जिथं डीपीच (गावचा ट्रान्सफॉर्मर) धड टिकत नाही त्या मराठवाड्यात ही थेरं कशाला? परवा हाच मेसेज माझ्या मामांनी पाठवला, म्हणून सविस्तर लिहितोय.

‘मीटर पळतं.’ पळतं का, ते घरीच बघा. मीटरवर लाल दिवा लुकलुकतो आणि एका युनिटला तो किती वेळा लुकलुकणार तो आकडा शेजारी छापलेला असतो, समजा ३२००. घरातलं सगळं बंद करा, बादलीत पाणी तापवायचा १००० वॅटचा रॉड तेवढा लावा आणि एक मिनिट मोजा. ५३ च्या आसपास आलं तर मीटर बरोबर. व्होल्टेज कमी असेल तर आकडाही कमी येईल. बराच जास्त आला तर लेखी तक्रार करा. ग्राहक हक्कांच्या केंद्रीय नियमांत २०२४ साली झालेल्या बदलानुसार तक्रारीनंतर पाच दिवसांत दुसरं मीटर जोडून किमान तीन महिने पडताळणी करावी लागते.

चकतीची जुनी मीटरं झिजून मंद झालेली असतात, कित्येक घरांना सरासरीचंच बिल येत असतं. खरं रीडिंग सुरू झालं की फरक दिसतो. बिलं चुकतच नाहीत असं मी म्हणणार नाही. मागच्या दिवाळीत आमचंच चुकलं होतं, तीन हेलपाट्यांनंतर दुरुस्त झालं. पण वापराची वेळ नोंदवणारं मीटर आहे म्हणूनच महावितरणला १ जुलै २०२५ पासून घरगुती ग्राहकांसाठी सकाळी ९ ते संध्याकाळी ५ च्या वापरावर युनिटमागे ८० पैशांपासून सवलत जाहीर करता आली. हे मेसेजमध्ये कुठंच नाही.

रेंज गेली तर मीटर नोंदी स्वतःकडे साठवतं आणि नंतर पाठवतं. लाइट जात नाही. दुरून लाइन तोडता येते, हे मात्र खरं. म्हणून वीज कायदा २००३ चं कलम ५६ लक्षात ठेवा : थकबाकीसाठी तोडायच्या आधी १५ दिवसांची लेखी नोटीस लागते.

सौर वीज रात्री नसते, कबूल. पण रानात रात्रीची लाइट हवी आहे कुणाला? थंडीत दोन वाजता बॅटरीच्या उजेडात हरभऱ्याला पाणी देणाऱ्याला विचारा. याच तालुक्यात धोंदलगावला २०२४ साली ३ मेगावॅटचा सौर प्रकल्प सुरू झाला तो शेतीला दिवसा वीज देण्यासाठीच. आणि २०१५ च्या दुष्काळात परळीचं कोळशावरचं औष्णिक केंद्र पाण्याअभावी बंद ठेवावं लागलं होतं, सौरला तेवढं पाणी लागत नाही, हे आपण तरी विसरू नये.

आता डीपी. मला सगळ्यात जास्त टोचलं ते हेच, कारण डीपी जळते म्हणूनच तर हे तंत्र लागतं. आमची डीपी ६३ केव्हीए क्षमतेची, तिच्यावर पाच एचपीच्या बारा मोटारी. प्रत्येक स्टार्टरला ऑटो, म्हणजे लाइट आली की मोटार आपोआप सुरू करणारा स्विच. लाइट आली की बाराही एकदम उठतात, आणि सुरू होताना मोटार नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढते. म्हणजे त्या क्षणी डीपीवर साठ मोटारींचा भार! मग ऑइल गरम, फ्यूज उडालेला, वर्गणी काढून ट्रॅक्टर, आणि गहू आठ दिवस तहानलेला. ऑटो काढून मोटारी एकेक करून सुरू केल्या तर हे टळतं.

दुसरी गोष्ट कपॅसिटरची, म्हणजे मोटारीला लागणारा जादा करंट जागेवरच भागवणाऱ्या डब्याची. पाच एचपीला दोन केव्हीएआरचा (हे त्या डब्याचं माप) डबा लावला तर करंट साधारण पाचव्या हिश्शानं उतरतो. तारेतला तोटा करंटच्या वर्गाच्या हिशेबानं वाढतो-घटतो, त्यामुळे तो जवळजवळ तिसऱ्या हिश्शानं कमी होतो. तीच डीपी, त्याच तारा.

डीपीवरही मीटर बसतं. कोणत्या फेजवर (विजेच्या तीन तारांपैकी कोणत्या तारेवर) किती भार आहे, किती वाजता चढला, हे त्यात नोंदलं जातं. एका फेजवर घरांची गर्दी आणि दुसरी मोकळी, हे जळायच्या आधी कळू शकतं. भांडायचंच असेल तर ही नोंद गावाला महिन्याच्या महिन्याला मिळावी म्हणून भांडू. मी अर्ज लिहून ठेवलाय, सह्या हव्यात.

आमच्या डीपीवरच्या सात जणांनी या रब्बीत ऑटो काढले. पाच बाकी आहेत. त्यातला एक मामांचा.