भीम-अर्जुनाचं नाव शिलालेखात आहे, पण पुढचं वाचा

गेल्या आठवड्यात पुतणीची प्रकल्पवही माझ्या हातात आली. सातवीत आहे. शाळेची सहल नाशिकला गेली होती आणि तिने लिहिलं होतं, ‘ही लेणी पांडवांनी वनवासात असताना एका रात्रीत कोरली. तेथील शिलालेखात भीम व अर्जुन यांची नावे आहेत.’ खाली लाल पेनाने ‘छान’. कुठून उतरवलंस म्हणून विचारलं, तर म्हणाली, ‘काका, आपल्या घरच्या ग्रुपवरच आलं होतं ना.’ शोधलं, तर खरंच होतं. वहिनींना त्यांच्या भिशीच्या ग्रुपवरून आलेलं, त्यांनी इकडे पाठवलेलं, आणि खाली आमच्याच घरातल्या माणसांनी हात जोडलेले.

मेसेज थोडक्यात असा. नाशिकची पांडवलेणी पांडवांनी एका रात्रीत कोरली, कारण एवढं काम माणसाच्या हातून होणं शक्य नाही. आतल्या मोठ्या मूर्ती धर्मराज, भीम, अर्जुन आणि द्रौपदीच्या आहेत. शिलालेखात भीम-अर्जुनाची नावं आहेत, ‘पण इतिहासकार ते लपवतात’. पुढे बौद्धांनी ही जागा बळकावली आणि आपले लेख कोरले. आतून त्र्यंबकेश्वरापर्यंत भुयार आहे. टाक्यातलं पाणी प्यायल्याने त्वचारोग जातात. शेवटी, ‘खरा इतिहास प्रत्येकापर्यंत पोहोचवा.’

वहिनींशी मी वाद घातला नाही, त्यांनी श्रद्धेनेच पाठवलं होतं. पण मूल ते वहीत उतरवतं आणि मोठं माणूस त्याला ‘छान’ म्हणतं, तेव्हा गप्प बसणं मला जमत नाही. या डोंगरावर मी वीसेक वर्षं जातोय.

शिलालेखातल्या नावांपासूनच सुरुवात करतो, कारण तेवढा मुद्दा अर्धा खरा आहे. हो, नावं आहेत. क्रमांक ३ च्या लेण्यात, ओसरीच्या मागच्या भिंतीवर गौतमी बलश्रीचा लेख आहे. ही सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीची आई. लेख कोरला तो तिचा नातू वासिष्ठीपुत्र पुळुमावी याच्या राज्याच्या १९व्या वर्षी. मुलगा तोवर गेलेला होता असंच बहुतेक अभ्यासक मानतात, आणि लेख वाचताना तसं वाटतंही. आई मुलाबद्दल बोलते आहे. त्याची घोडी तीन समुद्रांचं पाणी प्यायलेली, त्याने क्षहरात या शक घराण्याचा वंश निःशेष केला, शक-यवन-पल्हव या बाहेरून आलेल्या राज्यकर्त्यांचा मोड केला, आणि मग येतं ते हे: ‘राम केसव अजुन भीमसेन तुल परकमस’. म्हणजे राम, केशव, अर्जुन, भीमसेन यांच्या तोडीचा पराक्रम असलेला.

‘तुल’ हा एक शब्द वगळला की मेसेज तयार होतो. आपण एखाद्या पोराला भीमासारखा दणकट म्हणतो, म्हणून तो कुंतीचा मुलगा होत नाही. उलट या ओळीवरून एवढंच पक्कं कळतं की लेख कोरणाऱ्यांच्या काळी राम, कृष्ण, भीम, अर्जुन हे लोकांच्या तोंडी असलेले जुने वीर होते. हे लेणं पांडवांनी कोरलं असतं, तर भिक्षूंना लेणं देणारी आजी तसं सांगायला विसरली नसती. तिने सांगितलंय ते वेगळंच: हे लेणं महादेवी गौतमी बलश्री भद्रायनीय पंथाच्या बौद्ध भिक्षुसंघाला देते आहे, आणि लेण्याच्या खर्चासाठी नातू एक गाव देतो आहे. आणि ‘इतिहासकार लपवतात’ म्हणावं, तर हा सगळा लेख फ्रेंच विद्वान एमिल सेनार यांनी शिलालेख छापणाऱ्या ‘एपिग्राफिया इंडिका’च्या आठव्या खंडात, १९०५-०६ साली, अक्षर न् अक्षर छापलेला आहे. शंभर वर्षं उलटून गेली. त्यात भीमसेनही छापलाय.

आता ‘एका रात्रीत’. यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण मला सगळ्यात जास्त लागलं ते हेच.

क्रमांक १९ चं लेणं लहानसं आहे, बरेच लोक त्यात डोकावतसुद्धा नाहीत. त्यात एक छोटा लेख आहे: ‘सादवाहनकुले कन्हे राजिनि नासिककेन समणेन महामातेण लेण कारित’. सातवाहन कुळातला कण्ह राजा राज्यावर असताना नाशिकच्या महामात्राने, म्हणजे मोठ्या अधिकाऱ्याने, हे लेणं करवलं. हा इथला सगळ्यात जुन्या लेखांपैकी एक, इसवी सनाच्या आधीचा मानतात. ‘नासिक’ हे गावाचं नाव त्यात आजच्यासारखंच आहे, आणि ‘लेण’ हा शब्दही. तो शब्द आपण अजून वापरतो, पण ज्यांनी तो दगडावर लिहिला त्यांचं नाव पुसून टाकतो.

तिथून शेजारच्या २० क्रमांकाच्या लेण्यात या. यज्ञश्री सातकर्णी या नंतरच्या सातवाहन राजाच्या राज्याच्या सातव्या वर्षाचा लेख आहे. त्यात म्हटलंय की बोपकी नावाच्या भिक्षूने सुरू केलेलं हे लेणं पुष्कळ वर्षं अपुरं पडून होतं, ते महासेनापती भवगोपाच्या बायकोने, वासूने, पुरं करवलं. ‘बहुकानि वरिसानि’ असे शब्द आहेत. पुष्कळ वर्षं! कण्हापासून यज्ञश्रीपर्यंत दोनशे वर्षांहून जास्त काळ या डोंगरात छिन्नी चालू होती. त्यानंतरही, चार-पाच शतकांत, जुन्या खोल्यांमधून बुद्धमूर्ती कोरल्या गेल्याच. अर्धवट राहिलेल्या भिंतींवर छिन्नीचे तिरके ओरखडे आजही हाताला लागतात.

पण खरा हिशेब १० क्रमांकाच्या लेण्यात आहे. मी पतसंस्थेत व्याज मोजण्यात नोकरी संपवली, त्यामुळे हा लेख मला पहिल्यांदा कळला तेव्हा मी ओसरीतच खाली बसलो होतो. हे लेणं शकांचा क्षत्रप, म्हणजे राज्यकर्ता, नहपान याचा जावई उषवदात याने करवलेलं. लेखातल्या कालगणनेच्या ४२व्या वर्षी, वैशाख महिन्यात, त्याने चारी दिशांच्या भिक्षुसंघाला हे लेणं दिलं आणि सोबत ३००० कार्षापणांची (तेव्हाची नाणी) कायमठेव दिली. शब्द आहे ‘अखयनिवि’, अक्षयनिधी. पैसे गोवर्धन या जवळच्या गावातल्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे, म्हणजे व्यवसायसंघांकडे, ठेवले. एकीकडे २०००, दरमहा शेकडा एक दराने. दुसरीकडे १०००, दरमहा शेकडा पाऊण दराने. मुद्दल परत मागायचं नाही, फक्त व्याज वापरायचं. त्या २००० च्या व्याजातून लेण्यात वर्षावासाला, म्हणजे पावसाळ्यात मुक्कामाला, राहणाऱ्या २० भिक्षूंना प्रत्येकी १२ कार्षापण चीवरासाठी, म्हणजे वस्त्रासाठी.

मोजा. दोन हजारांवर महिन्याला २०, वर्षाला २४०. भागिले वीस. बरोबर बारा. एक कवडी इकडे नाही, तिकडे नाही. हा व्यवहार निगमसभेत, म्हणजे नगराच्या सभेत, वाचून दाखवला, नोंदवून घेतला, असंही पुढे लिहिलंय. ठेव, दर, लाभार्थी, नोंदणी, सगळं आहे. आणि आपण पोरांना सांगतो की माणसाच्या हातून हे शक्य नव्हतं. माणसांच्याच हातून झालं. विणकरांनी पैसा खेळवला, दगडफोड्यांनी डोंगर फोडला, कुणी गाव दिलं, कुणी एक खोली दिली. ओसरीच्या टोकाच्या एका दारावर उषवदाताच्या बायकोचं, दक्षमित्रेचं नाव आहे. तिने दिली ती एक खोली, लेखातला शब्द ‘ओवरक’. आपल्या देवळातली ओवरी त्यातूनच आली. १८ क्रमांकाच्या चैत्यगृहाच्या, म्हणजे प्रार्थनेच्या लेण्याच्या, दारावर तर एका गावाचं दान कोरलंय, धंभिक गावाचं. राजा नाही, सेठ नाही, गाव. एका रात्रीची गोष्ट सांगितली की ही सगळी माणसं एका फटक्यात जातात, म्हणून मला ती गोष्ट निरुपद्रवी वाटत नाही.

‘बौद्धांनी बळकावली.’ हा मेसेजमधला सगळ्यात वाईट भाग, आणि यात अर्धंसुद्धा सत्य नाही. बळकावायला आधी कुणाची तरी असायला हवी. १९, १८, १०, ३, २०, ज्या लेण्याचा लेख वाचावा त्यात करवणाऱ्याचं नाव आहे आणि दान संघाला आहे. खोल्यांचं माप माणूस झोपेल एवढं, भिंतीत दगडी ओटा, दाराला लाकडी चौकटीच्या खाचा. ३ क्रमांकात मधल्या दालनाभोवती अशा १८ खोल्या आहेत. पाच भाऊ आणि द्रौपदी यांना १८ खोल्या कशाला?

शिवाय भांडणाचा हा चष्मा त्या काळावर बसतच नाही. उषवदाताचाच दुसरा लेख त्याच १० क्रमांकाच्या ओसरीत आहे. देवांना आणि ब्राह्मणांना सोळा गावं दिली, दरवर्षी लाख ब्राह्मणांना जेवू घातलं, इबा, पारादा, दमण, तापी, करबेणा, डाहणुका या नद्यांवर फुकट नावा ठेवल्या, पुष्करला जाऊन स्नान केलं, तीन हजार गाई दिल्या. आणि त्याच दमात: ‘गोवर्धने त्रिरश्मिषु पर्वतेषु धर्मात्मना इदं लेणं कारितं इमा च पोढियो’. म्हणजे गोवर्धनात, त्रिरश्मी डोंगरात, धर्मात्म्याने हे लेणं आणि ही पाण्याची टाकी करवली. एकच माणूस दोन्हीकडे देतो आणि दोन्ही एकाच भिंतीवर कोरतो. त्याला त्यात काही विसंगत वाटलं नाही. डोंगराचं खरं नावही याच ओळीत आहे, त्रिरश्मी. आणि करवून घेणारे कोण, तर कुणी शक, कुणी सातवाहन. १७ क्रमांकाचं लेणं उत्तरेकडून आलेल्या इंद्राग्निदत्त नावाच्या योनकाचं, म्हणजे यवनाचं. ज्या शकांचा मोड केल्याचं गौतमी बलश्री अभिमानाने सांगते, त्यांच्याच जावयाच्या १० क्रमांकाच्या लेण्यावरून तिच्या लेण्याचा आराखडा घेतलेला दिसतो. दोन्हींच्या ओसऱ्या पाठोपाठ बघितल्या की कुणालाही कळेल.

मूर्तींबद्दल फार लिहीत नाही. २० क्रमांकाच्या गाभाऱ्यातली भव्य मूर्ती ‘धर्मराज’ नाही. डाव्या हाताची करंगळी उजव्या हाताच्या अंगठ्यात आणि तर्जनीत धरलेली दिसते ती धर्मचक्रमुद्रा, उपदेश करणारा बुद्ध. बाजूला उभे आहेत ते चवरी ढाळणारे, भीम-अर्जुन नव्हेत. ३ क्रमांकाच्या पायथ्याशी खांद्यावर तुळया पेलणारे जे दगडी पुरुष आहेत, पालखी उचलल्यासारखे, तेही भीम नव्हेत. भार वाहणारे यक्ष आहेत. त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण मात्र एकदा जवळ जाऊन बघा. ११ क्रमांकात ऋषभनाथ आणि अंबिका आहेत, कारण पुढे जैनांनीही ही जागा वापरली. तेही त्यांनी लपवलेलं नाही.

भुयार नाही. खोल्यांच्या मागे डोंगर आहे.

पाण्याचं मात्र गांभीर्याने घ्या. ‘पोढी’ म्हणजे पाण्याचं टाकं. भिक्षू होते तेव्हा ती टाकी उपसली जात, साफ होत. आज त्यात साचलेलं हिरवं पाणी आहे, वर प्लास्टिक तरंगतं. गेल्या खेपेला एक आई आपल्या लहान मुलाच्या खरुज आलेल्या हातांवर ते पाणी चोळत होती. मी तिला थांबवलं तर ती म्हणाली, ‘मोबाईलवर आलंय, दादा.’ अंगावर फोड असलेल्या मुलाला त्वचेच्या डॉक्टरकडे न्या. ते पाणी लावू नका, पाजू तर मुळीच नका.

उरलं ‘पांडवलेणी’ हे नाव. ते मेसेजवाल्यांनी काढलेलं नाही, हे मान्य करतो. भिक्षू गेले, ब्राह्मी लिपी वाचणारं कुणी उरलं नाही, आणि एवढ्या डोंगरात हे कुणी कोरलं याचं उत्तर लोकांनी आपल्याला माहीत असलेल्या सगळ्यात बलवान माणसांत शोधलं. माझी आजीही पांडवलेणीच म्हणायची आणि तिथे गेली की मूर्तींपुढे फूल ठेवायची. तिच्या तोंडून ते नाव मला आवडायचं. नाव राहू दे. पण तेव्हा लिपी वाचता येत नव्हती, आता येते, आणि वाचलेलं छापूनही शतक उलटलंय. लोकांनी प्रेमाने दिलेलं नाव हा कोरणाऱ्याचा पुरावा होत नाही. महाराष्ट्रात जिथे जिथे कुणी कोरलं ते विसरलं गेलं, तिथे तिथे पांडव येऊन बसलेत.

तुम्ही जाल तेव्हा पायऱ्या चढून वर आल्यावर घाईने फोटो काढत फिरू नका. लेण्यांची तोंडं उत्तरेकडे आहेत, आत फारसं ऊन येत नाही, दुपारीही बसता येतं. आधी १८ आणि १९, मग १० आणि ३ पाठोपाठ, शेवटी २०. अक्षरांना हात लावू नका, आधीच लोकांनी बदाम आणि नावं कोरून बरंच घालवलंय. मोबाईलचा टॉर्च समोरून न धरता बाजूने तिरका धरा, मग अक्षरं उठून दिसतात.

येत्या रविवारी पुतणीला घेऊन जातोय. वहिनीही येते म्हणाल्या. २०००, शेकडा एक, वीस भिक्षू, एवढं मी पोरीला काल कागदावर लिहून दिलं आणि काही सांगितलं नाही. तिने गणित केलं, उत्तर बारा आलं, आणि विचारलं, ‘काका, हे विणकर कुठले?’