कॅमेरा दिसला की शिट्टी

पुन्हा तेच! मुंबईच्या ओव्हल मैदानाच्या कडेला उभा राहून एका आर्ट डेको (१९३०च्या सुमाराची वास्तुशैली) इमारतीचा गोलसर सज्जा टिपत होतो. तिरपं ऊन नुकतंच कठड्यावर आलेलं. लगेच वॉचमनची शिट्टी. "ओ साहेब, कॅमेरा बंद करा. परमिशन आहे का?" अहो, मी फुटपाथवर आहे! शेजारी चौघं मोबाईलवर तीच इमारत टिपतायत, त्यांना कुणी हटकत नाही. ओव्हलभोवतीच्या या इमारती २०१८ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेल्या, आणि त्या टिपायला आम्हा मुंबईकरांनाच मज्जाव? कुणी डायरी लिहितं, मी फोटो काढतो. माझा दिवस त्यातच नोंदला जातो. वाद मिटेपर्यंत ऊन कठड्यावरून उतरलं होतं.